नंदीतळ्याचं पाणी कुठं जातंय

शरणबसप्पांची सगळी नोकरी एसटीत तिकीट तपासण्यात गेली. जळकोटच्या फाट्यावर नाहीतर तेरच्या रस्त्याला कुठंतरी हात दाखवून गाडी थांबवायची, वर चढायचं आणि माणसांची तोंडं बघत मागच्या बाकापर्यंत जायचं. तिकीट ते नंतर बघत, आधी तोंड बघत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी ती नजर काही निवृत्त झाली नव्हती. भाजीवाल्यानं काटा उचलला की अप्पांचे डोळे पारड्याखाली जात. फोनवर बोलणारा मुलगा उठून बाहेर गेला की बाहेर का गेला, असं त्यांना वाटे. सगळी गल्ली त्यांना अप्पा म्हणे, मान देई, पण अप्पा आले की चाललेलं बोलणं जरासं आवरतं घेई.

त्यांचं घर धाराशिवात, नंदीतळ्याच्या बांधाशेजारी. तळं लहानच. निजामाच्या काळात कुणीतरी मातीचा बांध घालून अडवलेलं, बांधाच्या पोटातून दगडी मोरी काढलेली. अप्पांची बायको प्रेमाबाई होती तेव्हा त्या पाण्यावर गोधड्या धुतल्या जात. आता तसं कुणी म्हटलं तर हसतील. दोन मंगल कार्यालयांची खरकटी, गाड्या धुवायच्या सेंटरचं तेलकट पाणी आणि निम्म्या शहराची गटारं तळ्यातच येत होती. एका बाजूला जलपर्णी इतकी दाट माजलेली, की कुत्रं जमीन समजून त्यावर पाय टाकायचं आणि गटांगळ्या खात बाहेर यायचं. तरी पाण्यावर पाणकोंबड्या होत्या, बगळे होते, आणि सकाळी बांधावरून चालताना वारा पलीकडून असला तर बरंही वाटे.

त्या वर्षी सप्टेंबरात पावसानं कहर केला होता. जिल्ह्यातल्या नद्या शेतं खरवडून गेल्या, जनावरं वाहून गेली. नंदीतळंही काठोकाठ भरलं, वरच्या अंगाच्या रेणुकानगरात घराघरांतून पाणी शिरलं. अशा वर्षी तळं उन्हाळ्यापर्यंत भरलेलं राहणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं. आणि दिवाळी होऊन थंडी पडते न पडते तोच अप्पांच्या लक्षात आलं की काठाचा दगडी नंदी उघडा पडलाय. भरल्या तळ्यात नंदीची फक्त शिंगं दिसत. आता तो पार खुरांपर्यंत बाहेर होता आणि त्याच्यापुढं हिरवाकाळा चिखल पसरलेला होता.

रोज सकाळी अप्पांबरोबर कोंडीराम फिरायला असत. ते मूळचे बेंबळीचे, शेती मुलावर सोपवून नातीच्या शाळेसाठी शहरात आलेले. घर रेणुकानगरात. ओळख बांधावरच झाली आणि फिरता फिरता दाट झाली. कोंडीराम कमी बोलत, अप्पा जास्त. त्यामुळं दोघांचं जमे.

"कोंडीराम, हे पाणी आपोआप न्हाय चाललेलं," अप्पा म्हणाले. "कुणीतरी काढतंय."

"ऊन बी हाय की अप्पा," कोंडीराम म्हणाले.

थंडीतलं ऊन तळं पिऊन टाकतं हे अप्पांना पटणारं नव्हतं. त्यांनी नगरपालिकेत जाऊन विचारलं. तिथल्या साहेबानं मान वर न करता सांगितलं की बाष्पीभवन होतं. त्यानं मान वर केली नाही, हे अप्पांनी मनात टिपून ठेवलं.

मग त्यांचं लक्ष रणधीरकडं गेलं. रणधीर ठेकेदार. तळ्याच्या सुशोभीकरणाचं काम त्याच्याकडं होतं. बांधाच्या एका टोकाला त्यानं फिरायला फरशी घातली होती, पाण्यात कारंजं बसवायचं होतं. त्याचा ट्रॅक्टर, मिक्सर आणि एक जाडजूड पाइप काठावर पडून असे. तो पाइप बघितल्यापासून अप्पांना दुसरं काही सुचेना. तळं आटवायचं, मग म्हणायचं की हे तळं नाहीच, डबकं आहे. डबकं बुजवायचं आणि त्यावर प्लॉट पाडायचे. त्यांनी कोंडीरामना हे सगळं एका दमात सांगितलं. कोंडीरामनी ऐकून घेतलं आणि हं म्हटलं. बांधाच्या मध्यावर पिंपळ होता, तिथं आल्यावर ते नेहमीसारखे थांबले. गुडघा दुखतोय, इथनंच मागं फिरू, म्हणाले.

अप्पांचा संशय घरातही शिरला, त्याला कारण घडलं. मुलगा विरेश याचं मोटारी आणि पाइपांचं दुकान होतं. एका संध्याकाळी रणधीर त्या दुकानात चहा पीत बसलेला अप्पांनी पाहिला. दोघं हसत होते. अप्पांना बघून विरेश हसायचा थांबला. रात्री जेवताना अप्पांनी विचारलं, की तो माणूस कशाला आला होता. कारंज्याची फिटिंग हवी होती, विरेश म्हणाला. मग अप्पांनी तळ्याचा विषय काढला. विरेशनं भाकरी मोडली, आमटीत बुडवली, आणि दुकानात नवीन आलेल्या मोटारीबद्दल बोलायला लागला.

विरेशची बायको शिवानी अक्कलकोटकडची. सासऱ्याशी लाडीगोडीनं बोलायचं असलं की ती कानडीवर येई. "बिडरी मामा," ती ताट उचलता उचलता म्हणाली. "सोडा तो नाद. तब्येतीला बरं न्हाय."

एरवी अप्पांना सुनेची ही काळजी गोड वाटली असती. त्या रात्री वाटली नाही. ही दोघं एकमेकांकडं बघून मग माझ्याकडं बघतात, हे त्यांनी पाहिलं होतं. अशी नजर त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. नवरा-बायको गाडीत बसलेले असावेत, तिकीट एकाचंच असावं आणि मास्तर जवळ येताना दोघांनी खिडकीबाहेर बघावं, तशी.

डिसेंबर सरत आला तसं पाणी आणखी हटलं. गटारं तर रोजच्यासारखी येतच होती, त्यामुळं उरलेलं पाणी काळं आणि जड झालं. एका सकाळी काठाला मासे पांढरी पोटं वर करून पडलेले दिसले. वासानं बांधावर थांबवेना. लोकांनी नाकाला रुमाल लावले, दारं-खिडक्या लावून घेतल्या. त्याच दिवशी इथल्या एका मोबाइल चॅनलचा पोरगेला बातमीदार तिथं आला आणि कुणी बोलणार का, असं विचारू लागला. अप्पा बोलले. रणधीरचं नाव घेऊन बोलले. हा माणूस पाइप टाकून तळं उपसतोय, प्लॉटसाठी मासे मारतोय आणि याला आतून फितूर असलेली माणसं आहेत, असं सगळं बोलले. बोलताना त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून तर ऐकणाऱ्यांना ते जास्त खरं वाटलं.

दुपारपर्यंत ती चित्रफीत घराघरात गेली. संध्याकाळी काठावर गर्दी जमली. कुणी कुणाला काही विचारलं नाही. रणधीरचा मिक्सर ढकलत नेऊन चिखलात लोटला, नवीन फरशी पहारीनं उखडली. कामावरची माणसं सामान गोळा करून निघून गेली. अप्पा ओसरीवरून हे बघत होते. त्यांना आनंद झाला नाही, पण आता पाणी थांबेल असं मात्र वाटलं.

दुसऱ्या दिवशी रणधीर त्यांच्या दारात आला. भांडायला आला असेल म्हणून अप्पा उभेच राहिले. रणधीर आत आला नाही. पायरीखालूनच बोलला.

"अप्पा, माझं कारंजं पाण्यावर चालतं. पाणी काढून मी ते चिखलात नाचवू का? तुमच्यापेक्षा मला ते पाणी जास्त पाहिजे होतं. मी बी शोधतोय कुठं जातंय ते."

एवढं बोलून तो गेला. अप्पांनी त्याचं तोंड नीट पाहिलं होतं. हा माणूस खोटं बोलत नाही असं त्यांना आतून वाटलं, आणि त्याचाच त्यांना राग आला. मुरलेला आहे, त्यांनी स्वतःला सांगितलं. पण त्या दिवसापासून काठावर ना ट्रॅक्टर होता ना पाइप, आणि तरीही नंदीपुढचा चिखल रुंद होत चालला होता.

त्यानंतर कोंडीराम दोन-तीन सकाळी फिरायला आले नाहीत. मथुराबाईंना बरं नाही, असा निरोप आला. मथुराबाई म्हणजे त्यांची बायको. अप्पा एकटेच निघाले. पिंपळापाशी आले आणि सवयीनं मागं वळणार, तेवढ्यात त्यांच्या मनात आलं की आपल्याला तर गुडघा दुखत नाही. ते पुढं गेले. बांधाच्या त्या अर्ध्या भागात काटेरी झुडपं होती, फिरायला कुणी येत नसे. तिथं त्यांना पाण्याचा आवाज ऐकू आला.

आवाज तळ्याच्या बाजूनं नव्हता, बांधाच्या मागून होता. अप्पांनी वाकून पाहिलं. मागचा ओढा या दिवसांत कोरडा असतो. तो वाहत होता. काठाच्या शेतात जनावरांचा घास असा वाढला होता, की पावसाळ्यातही वाढला नसता. आणि बांधाच्या पायथ्याशी, जुन्या मोरीच्या तोंडातून, जी गाळानं कधीच बुजली असं सगळे म्हणत, त्या मोरीतून जाड काळी धार पडत होती. तोंडापाशी मोठे दगड काढून एका बाजूला नीट रचले होते. जलपर्णीचे ओले गुंते ओढून बाहेर टाकलेले होते. ते अजून वाळले नव्हते.

म्हणजे माणूस रोज येतो. अप्पांच्या अंगातून शिरशिरी गेली. नोकरीत असताना शेवटच्या बाकावर हात घामेजलेला माणूस सापडला की जायची, तीच.

ते घरी कुणाला बोलले नाहीत. विरेशला तर नाहीच. दुपारी गल्ली जेवून आडवी झाली, तेव्हा ते काठी घेऊन निघाले आणि झुडपांच्या आडोशाला जाऊन बसले. वासानं डोकं दुखायला लागलं. मनात एकेक नाव येत होतं आणि प्रत्येक नावाला साजेसं कारणही लगेच येत होतं. घासाचा मालक. नगरपालिकेतला तो साहेब. प्लॉटवाले. आणि सगळ्यात शेवटी, कितीही लोटलं तरी परत येणारं, पोटच्या पोराचं.

उन्हं कलायच्या आधी एक माणूस बांधावरून आला. खांद्यावर पहार होती. पायाखालचा उतार निसरडा होता, पण तो सराईतपणे भराभरा उतरला. मोरीच्या तोंडापाशी बसला, पहारीनं आतला गुंता ओढून काढला, धार मोकळी झाली तशी मान वर केली. ते कोंडीराम होते.

अप्पांना पहिल्यांदा राग आला नाही. पहिल्यांदा त्यांच्या मनात एवढंच आलं की याचा गुडघा चांगला आहे.

ते झुडपातून उठले. कोंडीरामनी त्यांना पाहिलं, पण पळापळ केली नाही. पहार दगडाला टेकवून ठेवली आणि ओले हात धोतराला पुसले.

"किती दिवस?" अप्पांनी विचारलं.

"पाऊस झाल्यापासनं."

"आणि रोज सकाळी माझ्यासंगट चालत हुता. मी रणधीरला शिव्या देत हुतो, तुमी हं म्हणत हुता."

"व्हय."

एवढं सरळ उत्तर मिळेल असं अप्पांना वाटलं नव्हतं. ते खाली दगडावर बसले. मग कोंडीराम बोलायला लागले. ते कमी बोलणारे, पण त्या दिवशी बोलले. पुराच्या रात्री रेणुकानगरात पाणी गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा लोकांना वाटलं आता थांबेल. पाणी थांबलं नाही. वीज गेली. घरात मथुराबाई आणि नात शिवांजली होत्या. कोंडीराम शेजारच्या म्हाताऱ्याला काढायला गेले होते, आणि परत येईपर्यंत घराचं दार पाण्यानं दाबून बसलं होतं, उघडेना. आत मथुराबाई पलंगावर उभ्या होत्या, पलंग तरंगत होता, आणि त्यांनी नातीला दोन्ही हातांनी कपाटाच्या माथ्यावर धरून ठेवलं होतं. खिडकीची जाळी तोडून दोघींना बाहेर काढलं. मग कुणीतरी म्हणालं की सांडवा बुजलाय, पाणी फुगतंय, मोरी फोडा. चारजणांनी भर पावसात बांधाच्या मागं उतरून दगड काढले. पहाटेपर्यंत कॉलनीतलं पाणी ओसरलं.

"त्या रातचं समजलं," अप्पा म्हणाले. "त्यात कुणी चूक काढणार न्हाय. पण पाऊस गेला की. मग का न्हाय बुजवली?"

कोंडीरामनी धारेत अडकलेली एक काडी काढून टाकली. "ती झोपत न्हाय अप्पा. खिडकीतनं पाणी दिसलं की उठून बसती. पोरीला उचलून घेती. शाळेतली पोरगी, मोठी झालीय, तरी उचलून घेती. पाणी जसं मागं सरकलं तशी ती थोडी झोपाय लागली. म्हणलं अजून जरा सरकू दे. मग अजून जरा."

"मासं मेलं सगळं."

"दिसतंय मला. मला बी वास येतोय."

अप्पांना विचारायचं होतं की मला का नाही सांगितलं. त्यांनी ते विचारलंही. आणि कोंडीरामनी जे उत्तर दिलं, त्यानं त्यांना मोरी सापडल्यापेक्षा जास्त हादरवलं. पुराच्या रात्री दगड काढणाऱ्या चारजणांत विरेश होता. पाइप आणि दोर त्याच्याच दुकानातले. नंतर कोंडीराम काय करतायत हे त्याला ठाऊक होतं, शिवानीला ठाऊक होतं, रेणुकानगरातल्या बहुतेक सगळ्यांना ठाऊक होतं.

"तुमाला सांगायचं धाडस कुणाला झालं न्हाय," कोंडीराम म्हणाले. "तुमी ऐकून घेतलं नसतं. आधी तोंडाकडं बघितलं असतं, आणि काय ते ठरवून टाकलं असतं."

अप्पा घरी आले. विरेशला दुकानातून बोलावून घेतलं. तो आला, वडिलांच्या चेहऱ्यावरून समजला आणि खाली बसला. त्यानं काही लपवलं नाही. पावसाळा लागायच्या आधी मोरी बुजवू आणि सांडवा मोकळा करू असं ठरलं होतं, तो म्हणाला. मासे मरतील हे डोक्यात आलं नाही. आणि अप्पा चॅनलसमोर बोलले तेव्हा, तो म्हणाला, फितूर माणसं हा शब्द त्यानं दुकानात गिऱ्हाइकांसमोर ऐकला.  इतके दिवस अप्पांचा संशय होता की घरात काहीतरी लपवलं जातंय. तो खरा निघाला होता. पण ते लपवायला लावणारा धाक त्यांचाच होता, हे त्यांना तेव्हा कळलं.

सकाळी ते रणधीरकडं गेले. चुकलं म्हणाले. रणधीरनं आधी त्यांच्या शर्टाच्या खिशाकडं बघितलं, खिशात फोन चालू आहे का. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. "आता काय काढायचंय अप्पा तुमाला?" त्यानं विचारलं. सांडव्यात रस्त्याचा राडारोडा पडलाय, तो काढायला मशीन पाहिजे, अप्पा म्हणाले. मोरी कुणी उघडली ते त्यांनी सांगितलं नाही. रणधीरनं विचारलंही, दोनदा. अप्पांनी एवढंच सांगितलं की पुराच्या वेळी उघडली गेली, आता ती बंद करायची आहे. रणधीरला ते अर्धवट वाटलं. अर्धवट ऐकल्यावर माणसाला काय काय वाटतं, हे अप्पांपेक्षा जास्त कुणाला कळणार? पण त्यांनी तोंड मिटून ठेवलं.

रणधीर स्वतः आला नाही. मशीन मात्र पाठवलं, आणि त्याबरोबर एक माणूस, ज्यानं काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत सगळं मोबाइलवर टिपलं. कुणी उद्या काही म्हणू नये म्हणून. सांडव्याच्या तोंडातून विटा, डांबराचे गोळे, जुनी गादी, देवांच्या मूर्तींचे तुकडे निघाले. विरेशनं मोरीला आतल्या बाजूनं लोखंडी झडप बसवून दिली. पाणी इतकं खाली गेलं होतं, की माणसाला चिखलात उतरून ती बसवता आली. धार थांबली. ओढा हळूहळू वाळला, घासाचा मालक येऊन सगळ्यांवर वैतागून गेला.

तळं मात्र पूर्वीसारखं झालं नाही. उरलेलं पाणी निम्म्याहून कमी, त्यात गटारं तशीच. अप्पा आता नगरपालिकेत गटारांचं विचारायला जात आणि साहेबाच्या तोंडाकडं न बघायचा प्रयत्न करत. ते काही त्यांना जमत नसे. पाणकोंबड्यांची एक जोडी तेवढी परत आली.

संक्रांत झाल्यावर मथुराबाईंनी निरोप पाठवला, चहाला या. अप्पा रेणुकानगरात त्या घरात पहिल्यांदाच गेले. भिंतीवर पाण्याची रेघ होती, त्यांच्या छातीला लागेल इतकी उंच. रंग दिला होता, पण ती वर आलीच होती. मथुराबाईंनी त्यांना खिडकीजवळ बसवलं. तिथून तळं दिसत होतं. बांधावरून ते नेहमी खाली दिसे, इथून मात्र ते नजरेच्या रेषेत दिसत होतं. मधे भिंत नव्हती, चढ नव्हता. अप्पांनी कपात चहा थंड होईपर्यंत तिकडं बघितलं.

"पावसाळ्यात परत भरंल," मथुराबाई म्हणाल्या. "तवा झडप उघडू द्याल का अप्पा?"

"सांडवा मोकळा हाय आता. आणि लागलीच गरज, तर मी स्वतः येऊन उघडीन."

मथुराबाईंनी मान हलवली. पण त्यांच्या डोळ्यांत अप्पांना दिसायचं ते दिसलं. त्या बाईला ते पटलेलं नव्हतं. मध्यरात्री पाणी दारापर्यंत येईल आणि हा म्हातारा तळ्याची काळजी करत बांधावर उभा राहील, असंच तिला वाटत होतं. अप्पांना तिची समजूत घालावीशी वाटली. पण तसं होणार नाही अशी खात्री त्यांना तरी कुठं होती.

दुसऱ्या दिवसापासून दोघं पुन्हा फिरायला लागले. आता ते पिंपळापाशी थांबत नसत, बांधाच्या शेवटापर्यंत जात. मोरीपाशी आलं की अप्पा खाली बघत, आणि ते बघतायत हे कोंडीरामना दिसे. मग कोंडीराम बेंबळीच्या हरभऱ्याबद्दल काहीतरी बोलत आणि अप्पा ऐकत.